जुनं जर्मन पॉर्सेलिन जमवायचंय? आधी कप उलटा करा

"ताई, फ्लोमार्क्टला हे दिसलं, घेऊ का?" असा जुन्या वस्तूंच्या बाजारातून, म्हणजे फ्लोमार्क्टवरून, मेसेज आणि सोबत एका कपाचा फोटो, असं मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतं. फोटो जवळजवळ नेहमी वरून काढलेला असतो, म्हणजे कपाचं तोंड, आतली फुलं, बशीची सोनेरी कड एवढंच दिसतं. माझं उत्तर ठरलेलं असतं, आधी उलटा करा आणि बुडाचा फोटो पाठवा. न्यूर्नबर्ग, एर्लांगेन, म्युनिक या भागात आपली मराठी मंडळी बरीच आहेत, त्यातल्या अनेकांना हा नाद लागलाय आणि प्रश्न तेच तेच येतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते. मी बोलणार आहे ते १९५० आणि ६० च्या दशकातल्या जर्मन पॉर्सेलिनबद्दल, त्यातही बव्हेरियाच्या ईशान्य कोपऱ्यात बनलेल्या. माइसेन या जुन्या नामांकित कारखान्याचे दोनशे वर्षं जुने पुतळे वगैरे हा वेगळा आणि फार महागडा विषय आहे, सुरुवात तिथून करू नका.

हे सगळं एकाच कोपऱ्यात का

झेल्ब, आर्त्सबेर्ग, होहेनबेर्ग, शोनवाल्ड ही गावं चेक सीमेला लागून, फिश्टेलगेबिर्गे नावाच्या डोंगराळ भागात आहेत. पॉर्सेलिनला तीन गोष्टी लागतात, केओलिन म्हणजे पांढरी माती, फेल्डस्पार नावाचं खनिज आणि क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी, ढोबळ प्रमाण दोनास एक एक. हा सगळा ग्रॅनाइटचा मुलूख, त्यामुळे कच्चा माल जवळ, भट्टीला जंगलातलं लाकूड आणि नंतर रेल्वे आल्यावर सीमेपलीकडच्या बोहेमियाचा कोळसा. १८१४ मध्ये होहेनबेर्गला हुचेनरॉयटर नावाच्या माणसाने पॉर्सेलिनची सुरुवात केली. १८५६ मध्ये झेल्ब गाव आगीत जळालं, तिथले लोक विणकर होते, त्यांना दुसरं काम हवं होतं आणि ते पॉर्सेलिनने दिलं. १८७९ मध्ये तिथेच शेजारी एर्कर्सरॉयथच्या जुन्या किल्लेवजा घरात फिलिप रोझेंटालने पांढऱ्या भांड्यांवर चित्रकाम करून विकायला सुरुवात केली, त्यातून पुढे रोझेंटाल कंपनी झाली. हा इतिहास सांगायचं कारण एवढंच की बुडाच्या शिक्क्यावर यापैकी कुठल्यातरी गावाचं किंवा नुसतं ‘बव्हेरिया’ असं नाव तुम्हाला सारखं दिसणार आहे.

पायरी १: आधी हे पॉर्सेलिन आहे का ते बघा

आपण मराठीत सगळ्यालाच चिनीमाती म्हणतो, लोणच्याची बरणी पण चिनीमातीची आणि कपबशी पण चिनीमातीची. इथे मात्र फरक करायला शिकावं लागतं, कारण बाजारात त्याच काळातली साधी ग्लेझ (म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप) दिलेली मातीची भांडी, जाड स्टोनवेअर आणि पॉर्सेलिन एकाच टेबलावर मांडलेलं असतं. खरं पॉर्सेलिन दोनदा भाजतात, पहिल्यांदा साधारण ९०० ते १००० अंशाला, मग ग्लेझमध्ये बुडवून पुन्हा १४०० अंशाच्या आसपास, आणि त्या दुसऱ्या भट्टीत माती काचेसारखी घट्ट होते.

कप दिव्यासमोर किंवा मोबाईलच्या टॉर्चसमोर धरा, आत बोटं घाला, पातळ पॉर्सेलिनमधून बोटांची सावली दिसते. मग बुडाचं कडं बघा जिथे ग्लेझ नसतं. ते पांढरंशुभ्र आणि गुळगुळीत असलं, पाण्याचा थेंब ठेवल्यावर तो शोषला गेला नाही, तर पॉर्सेलिन. थेंब मुरला आणि कडं पिवळसर, खडूसारखं लागलं तर साधी माती. आणि तिसरी गोष्ट तर आपल्याला शिकवायलाच नको. माठ घेताना आई टिचकी मारून आवाज ऐकायची ना, तेच करायचं. कप तळहातावर मोकळा ठेवायचा, कान धरायचा नाही, आणि कडेवर नखाने हलकी टिचकी. घंटीसारखा लांबणारा आवाज आला तर ठीक, ‘थड’ असा बसका आला तर कुठेतरी तडा आहे, दिसत नसला तरी.

पायरी २: फॉर्म वेगळा, डेकोर वेगळा

सगळ्या लेखातलं एकच लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. जर्मन पॉर्सेलिनमध्ये भांड्याचा आकार म्हणजे ‘फॉर्म’, आणि त्यावरची नक्षी म्हणजे ‘डेकोर’. दोघांची नावं वेगळी, नंबर वेगळे, आणि बहुतेक वेळा डिझायनरही वेगळे. एकाच फॉर्मवर वीस-पंचवीस डेकोर येऊन गेलेले असू शकतात, कोणी फुलं काढली, कोणी रेघा, कोणी नुसती सोन्याची कड, आणि एक नुसताच पांढरा. नवखा माणूस डेकोर बघून घेतो कारण डोळ्यात तेच भरतं, मीही तसंच केलं होतं. पण या काळात खरं डोकं लढवलंय ते फॉर्मवर. किटलीची तोटी शेवटचा थेंब गाळत नाही, झाकण ओतताना पडत नाही, कानात दोन बोटं बसतात पण गरम भांड्याला टेकत नाहीत, हे सगळं फॉर्मचं काम आहे. त्यात भट्टीत पॉर्सेलिन साधारण एक षष्ठांश आकसतं आणि मऊ पडतं, म्हणजे साचा आधीच मोठा करावा लागतो, कान खाली झुकेल हे धरून चालावं लागतं. हे समजलं की साध्या पांढऱ्या किटलीकडे बघायची नजरच बदलते.

म्हणून माझा सल्ला, एक फॉर्म निवडा आणि तोच पांढऱ्यात जमवा. सुरुवातीला एक कप, एक बशी, केकची एक छोटी प्लेट. हातात रोज वापरा. सहा महिन्यांनी तोच फॉर्म दुसऱ्या डेकोरमध्ये दिसला तर तुम्ही दहा फुटांवरून ओळखाल.

पायरी ३: माणसं ओळखा

डिझायनरची यादी पाठ करू नका, तीन-चार माणसं नीट समजून घ्या, बाकीची आपोआप येतात.

सुरुवात थोडी आधीपासून करावी लागते, कारण पन्नासच्या दशकातल्या साधेपणाचं मूळ तीसच्या दशकात आहे. १९३१ मध्ये आर्त्सबेर्ग कंपनीसाठी हेर्मान ग्रेचने फॉर्म १३८२ केला. त्याआधी मध्यमवर्गीय जर्मन घरातल्या ‘सर्व्हिस’वर, म्हणजे भांड्यांच्या सेटवर, वेलबुट्टी आणि सोनं असायचं, आणि पूर्ण सेटच घ्यावा लागायचा. १३८२ गोलसर, नितळ, कुठे टोक नाही, आणि सुटे नग विकत घेता यायचे, पैसे जमतील तसे. १९३६ ला मिलानच्या त्रिएनाले या डिझाइन प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं. त्याच वर्षी, म्हणजे १९३१ ला, बर्लिनच्या केपीएम या मूळच्या शाही पॉर्सेलिन कारखान्यासाठी ट्रुडे पेट्रीने उर्बिनो केला, ज्याच्या प्लेटला वेगळा काठच नाही, उथळ वाटीसारखी एकसलग वळते. आणि केपीएमसाठीच हाल्ले शहरातल्या कलाशाळेत मार्गेरिटे फ्रीडलेंडरने हालेशे फॉर्म केला. ती ज्यू होती, १९३३ ला नोकरी गेली, आधी हॉलंड मग अमेरिका, तिथे कॅलिफोर्नियात पाँड फार्मवर तिने पुढची कितीतरी वर्षं कुंभारकाम शिकवलं. मला तिचे कप हातात घेताना हे आठवतं, आठवलं पाहिजे असं वाटतं.

युद्धानंतर ग्रेच १९५० ला गेला आणि आर्त्सबेर्गला हाइनरिश ल्योफेलहार्ट आला, त्याने आधी विल्हेल्म वागेनफेल्ड या डिझायनरच्या हाताखाली काचकारखान्यात काम केलं होतं. तो काचेकडून आलेला माणूस, आणि ते दिसतं, त्याच्या भांड्यांची बाह्यरेषा एका श्वासात ओढल्यासारखी असते. १९५४ चा त्याचा फॉर्म २००० आणि १९५७ चा २०२५ हे नवख्यांसाठी मी सगळ्यात आधी सुचवते. दिसायला सुंदर, भरपूर बनले त्यामुळे सुटे नग मिळतात, आणि रोजच्या वापराला दणकट.

इथे एक गफलत होते ती सांगते कारण माझीच झालीय. १९५४ मध्येच रोझेंटालनेही एक फॉर्म काढला आणि त्याचंही नाव २०००! तो अमेरिकेत रेमंड लोवीच्या ऑफिसात रिचर्ड लॅथमने केलेला. लोवी म्हणजे लकी स्ट्राइक सिगरेटचं पाकीट नव्याने करणारा, गाड्या आणि रेल्वे इंजिनं डिझाइन करणारा माणूस. रोझेंटालच्या २००० ची कॉफीची किटली कमरेत बारीक, वर-खाली पसरट, डमरूची आठवण येते. माझ्याकडे आर्त्सबेर्गची २००० किटली होती, बिनझाकणाची. ऑनलाइन जाहिरात दिसली, "फॉर्म २००० झाकण, उत्तम स्थितीत", मी आनंदाने मागवलं, पोस्टाने आलं, कागद सोडवला, किटलीवर ठेवलं आणि ते आतच पडलं. विकणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं, ते रोझेंटालचंच होतं, मी कंपनीचं नाव न वाचता नंबर वाचला. तेव्हापासून नियम, नुसत्या नंबरावर काही घ्यायचं नाही, कंपनी अधिक फॉर्म अधिक मापं. झाकणाचा व्यास विचारायचा, मिलिमीटरमध्ये, आतल्या कडेचा आणि बाहेरच्या कडेचा दोन्ही. आणि तरी थोडं कमीजास्त निघतं, कारण प्रत्येक भांडं भट्टीत अगदी सारखं आकसत नाही.

रोझेंटालची गोष्ट माणसांमुळे रंगते. संस्थापकाचं कूळ ज्यू, १९३४ मध्ये नाझी काळात त्याला स्वतःच्या कंपनीतून बाहेर काढलं, १९३७ ला तो वारला. मुलगा, त्याचंही नाव फिलिप, ऑक्सफर्डला शिकला, फ्रेंच फॉरेन लीजनमध्ये गेला, आणि १९५० मध्ये परत येऊन त्याच कंपनीत कामाला लागला, १९५८ पासून प्रमुख. त्याने ठरवलं की आपल्या काळातल्या चांगल्या कलाकारांकडून आपल्या काळाची भांडी करून घ्यायची, आणि १९६१ मध्ये स्टुडिओ-लिनिए नावाची मालिका सुरू केली. त्यात फिनलंडच्या टापिओ विर्कालाने १९६२ ला व्हेरिएशन हा फॉर्म दिला, ज्यावर उभ्या बारीक रेघा आहेत, डोळे मिटून अंगठा फिरवला तरी ओळखू येतो. डेन्मार्कचा ब्योर्न व्हीनब्लाड, त्याचा १९५९ चा रोमान्स तुम्हाला प्रत्येक फ्लोमार्क्टवर दिसेल, अंगभर उठावाची नक्षी, थोडी परीकथेतली. मला स्वतःला तो जरा जास्त नटलेला वाटतो पण माझ्या मैत्रिणीच्या घरी पूर्ण सेट आहे आणि मेणबत्तीच्या उजेडात तो फार देखणा दिसतो हे मान्य करायलाच हवं. हान्स थेओ बाउमानचा बर्लिन नावाचा फॉर्मही १९५९ चा. आणि वॉल्टर ग्रोपियस, बाउहाउस या प्रसिद्ध डिझाइन शाळेचा संस्थापक, त्याने आधी झेल्बला रोझेंटालचा कारखाना डिझाइन केला, मग १९६९ मध्ये टॅक नावाची चहाची किटली, अर्धगोल पोट, झाकण त्याच वळणात बसलेलं, कान म्हणजे सलग ओढलेली कमान.

फुलदाण्या हा वेगळा छंद होऊ शकतो. १९५० च्या आसपासच्या वाकड्या, एका बाजूला पोट आलेल्या फुलदाण्या दिसतील, फ्रिट्झ हाइडेनराइशच्या एका फुलदाणीला तर लोक ‘श्वांगेरे लुईझे’ म्हणजे गरोदर लुईझे म्हणतात. बेआटे कूनने रोझेंटालसाठी याच काळात फुलदाण्या केल्या. साठच्या शेवटी मग ग्लेझ न दिलेल्या, पांढऱ्या मॅट, उठावाच्या नक्षीच्या फुलदाण्या आल्या, सावल्यांचा खेळ असलेल्या. त्या अनेक कंपन्यांनी केल्या, आणि छोट्या घरात खिडकीत ठेवायला यापेक्षा चांगली सुरुवात नाही.

आणि आता माझं सगळ्यात आवडतं. उल्मच्या डिझाइन शाळेत हान्स रोएरिश्ट, सगळे निक म्हणतात, याने १९५८-५९ ला डिप्लोमाचं काम म्हणून एक भांड्यांचा संच केला, टीसी १००. कप, वाट्या, किटल्या, ताटल्या सगळं एकमेकांत रचून ठेवता येतं, कँटीनसाठी. पुढे रोझेंटालच्या थॉमस ब्रँडने तो बनवला, न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियममध्ये आहे. विद्यार्थ्याचं काम आहे हो हे! आणि उल्मशी आपला एक खरा धागा आहे, मुंबईच्या जे.जे.चे सुधाकर नाडकर्णी साठच्या दशकात याच उल्मला शिकले आणि परत येऊन आयआयटी मुंबईचं इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर त्यांनी उभं केलं. टीसी १०० चे सहा कप एकावर एक रचले की जी सरळ पांढरी मिनार उभी राहते ती एकदा करून बघा. मी भांडी घासून झाल्यावर रोज करते.

पूर्व जर्मनीला विसरू नका. मार्गारेटे याहनी आणि एरिश म्युलर यांनी हॉटेलांसाठी केलेली राट्सिओनेल ही मालिका कोल्डिट्झच्या कारखान्यात बनली, जाडसर, कडेला दणकट, हीसुद्धा रचता येणारी. त्या भागातल्या फ्लोमार्क्टवर अजून मिळते.

पायरी ४: बुडाचा शिक्का वाचा

आता कप उलटा. साधारण चार गोष्टी असू शकतात: कंपनीचं चिन्ह, देश किंवा प्रदेश, फॉर्मचं नाव नाहीतर डिझायनरची सही, आणि हाताने लिहिलेले किंवा दाबलेले आकडे. चिन्हं ओळखीची होतात, रोझेंटालचा मुकुट आणि एकमेकांना छेदणाऱ्या रेघा, हुचेनरॉयटरचा सिंह, फ्युर्स्टेनबेर्गचा मुकुटाखाली एफ, बर्लिन केपीएमचा निळा राजदंड.

काळ ठरवायला देशाचं नाव उपयोगी. ‘यूएस झोन’ असेल तर युद्धानंतरची लगेचची वर्षं, अमेरिकन ताब्याच्या काळातली. ‘वेस्टर्न जर्मनी’ किंवा ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर एकीकरणाच्या, म्हणजे १९९० च्या आधीचं. ‘स्टुडिओ-लिनिए’ असेल तर १९६१ किंवा नंतरचं. नुसतं ‘जर्मनी’ असेल तर त्यावरून काही ठरवू नका, ते युद्धाआधीही लिहायचे.

दोन फसवे सापळे आहेत. एक, केपीएम ही तीन अक्षरं बर्लिनच्या शाही कारखान्याचीच असतात असं नाही, क्रिस्टर नावाच्या दुसऱ्या कारखान्यानेही केपीएम वापरलं. निळा राजदंड नसेल तर बर्लिनची किंमत देऊ नका. दुसरा, फॉर्म जुना म्हणजे नग जुना असं नाही. १३८२, उर्बिनो, टॅक हे फॉर्म पुढे कित्येक वर्षं बनत राहिले, १९३१ चा फॉर्म आणि बुडावर ऐंशीच्या दशकातला शिक्का असा कप अगदी सर्रास मिळतो. त्यात वाईट काही नाही, उलट वापरायला उत्तम, फक्त जाहिरातीत "१९३१ चा" लिहिलंय म्हणून जास्त पैसे मोजू नका.

शिक्क्यावर आडवी कोरलेली चीर दिसली तर तो दुय्यम दर्जाचा माल, कारखान्यानेच ठरवलेला, ग्लेझमध्ये एखादा काळा ठिपका वगैरे. वापरायला मी असे खुशाल घेते.

पायरी ५: कुठे आणि कसं घ्यायचं

सगळ्यात चांगली जागा म्हणजे जिथे कुणाच्या आजीचं घर रिकामं होतंय. बारा माणसांची सर्व्हिस लग्नात मिळालेली, रविवारी वापरलेली, आणि मुलांच्या फ्लॅटमध्ये तिला जागा नाही. अशा वेळी विकणाऱ्याशी दोन मिनिटं बोला. मला एका काकूंनी त्यांच्या आईचे आर्त्सबेर्गचे कप देताना प्रत्येक कपाला कागद गुंडाळत सांगितलं की हे फक्त पाहुण्यांना असायचे, आम्हाला हात लावू द्यायची नाही. मी म्हटलं आमच्याकडे पण शोकेसमध्ये असंच असायचं. त्यांनी न मागता दुधाचं भांडं वर टाकलं.

फ्लोमार्क्टला सकाळी लवकर जा, खिशात छोटा टॉर्च, कापडी पिशवीत दोन जुने टॉवेल. भांडं उचलायच्या आधी विचारा, "डार्फ इश माल शाउएन?" (जरा बघू का?) किमतीला घासाघीस चालते पण पद्धत आहे, निम्म्यावर जाऊ नका, हसून "गेट डा नोख वास?" (अजून काही कमी होईल का?) एवढं विचारलं की बहुतेक जण स्वतःच थोडं कमी करतात, आणि तीन-चार नग एकत्र घेतले तर अजून. न्यूर्नबर्गचा ट्रेम्पेलमार्क्ट वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, जुन्या शहरात भरतो, जवळ राहत असाल तर चुकवू नका.

पण खरेदीच्या आधी एकदा झेल्बला पॉर्सेलिनिकॉनला जा. रोझेंटालच्याच जुन्या, बंद पडलेल्या कारखान्यात हे म्युझियम आहे, माती कशी मळतात, साच्यात कशी ओततात, भट्टी कशी लावतात हे सगळं जुन्या यंत्रांसकट बघायला मिळतं. तिथे एक दिवस घालवलेला माणूस फ्लोमार्क्टवर सहसा फसत नाही.

पायरी ६: हातात घेऊन तपासणी

घाई इथेच नडते. टिचकी तर मारायचीच, शिवाय बोटाचं टोक पूर्ण कडेवरून फिरवायचं, डोळ्याला न दिसणारा टवका बोटाला लागतो. तोटीचं टोक, झाकणाची खालची कड, झाकणाची बोंडी आणि कानाचे जोड, बहुतेक इजा या चार जागी असतात. आतून टॉर्च लावा, केसासारखी तपकिरी रेघ दिसली तर तडा, त्यात चहा मुरलाय.

दुरुस्त केलेलं भांडं ओळखणं अवघड. मी एकदा एक सुंदर किटली घेतली, पूर्ण किमतीला, घरी येऊन गार पाण्यात घातली आणि तोटीच्या टोकाला हात लावला तर तेवढा भाग चिकट, कोमट, बाकी किटली थंडगार गुळगुळीत. टोक तुटलेलं होतं आणि राळेने बनवून वर रंग दिला होता. त्या रात्री मला फार वाईट वाटलं, पैशांपेक्षा फसवलं गेल्याचं. तेव्हापासून शंका आली की भांडं गालाला लावून बघते, पॉर्सेलिन थंड लागतं, राळ लागत नाही. छोटा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मिळतो, त्याच्या उजेडात दुरुस्तीचा भाग बहुतेक वेळा वेगळा चमकतो.

प्लेटवर राखाडी रेघा दिसल्या तर घाबरू नका, ते ओरखडे नसतात बहुतेक, काट्या-सुऱ्यांचं स्टील ग्लेझवर घासून राहिलेलं असतं, सौम्य क्लीनिंग पेस्टने निघतं. नख लावा, नख अडकलं तर खरा ओरखडा.

सुटे नग जमवत असाल तर घरातला एक कप बरोबर न्या आणि दिवसाच्या उजेडात शेजारी ठेवा. पांढरा सगळीकडे सारखा नसतो, एखादा निळसर, एखादा दुधाळ, आणि ट्यूबलाइटखाली हे कळत नाही.

पायरी ७: घरी आणल्यावर

कोमट पाणी, साधा साबण, सिंकमध्ये खाली टॉवेल पसरून. चहाचे डाग खायच्या सोड्याने जातात, किटलीच्या आतले जुने डाग कवळी साफ करायच्या गोळीने रात्रभर ठेवून. सोन्याची कड किंवा ग्लेझच्या वरून रंगवलेला डेकोर असेल तर डिशवॉशर नाही, आणि सोनं असेल तर मायक्रोवेव्ह अजिबात नाही. डेकोर वरून आहे की खालून हे बोटाने कळतं, वरचा किंचित उठून लागतो. जुन्या वरच्या रंगांमध्ये शिसं, कॅडमियम असू शकतं, म्हणून रंगीत भागावर लिंबू, चिंच, टोमॅटोचं काही वाढून ठेवू नका. पांढऱ्या भांड्यात ही काळजीच नाही, हे पांढरं जमवण्याचं अजून एक कारण.

एकावर एक प्लेट ठेवताना मध्ये किचन पेपर, कारण बुडाचं ग्लेझ नसलेलं कडं खालच्या प्लेटला घासतं. कप कानाला अडकवून टांगू नका.

आणि एक साधी वही ठेवा. प्रत्येक नगाला एक ओळ: कंपनी, फॉर्म, डेकोर, डिझायनर, शिक्का, कुठे घेतला, कितीला, कुणाकडून काय गोष्ट ऐकली. माझ्या वहीत त्या दुधाच्या भांड्यासमोर "फक्त पाहुण्यांना" असं लिहिलेलं आहे.

पायरी ८: पुण्या-मुंबईला न्यायचं असेल तर

झाकण आणि किटली कधीही एकत्र बांधू नका, झाकण वेगळं गुंडाळा. झाकणावर चिकटपट्टी तर नाहीच नाही, सोनं असेल तर पट्टीबरोबर निघून येतं. किटलीच्या पोटात मोजे किंवा रुमाल भरा, तोटी आणि कान यांना आधी स्वतंत्र जाड गुंडाळी, मग सगळ्या भांड्याला. प्लेट आडव्या नाही, उभ्या लावा, पुस्तकांसारख्या. लहान बॉक्स मोठ्या बॉक्समध्ये, मध्ये चारही बाजूंनी गादी. मग बॉक्स हलवून बघा, आतून काहीही आवाज आला तर उघडा आणि पुन्हा भरा. मी आईसाठी २०२५ ची चहाची किटली हातातल्या बॅगेत नेली, सिक्युरिटीला सगळं सोडावं लागलं आणि पुन्हा बांधायला वीस मिनिटं गेली, म्हणून सुटा कागद आणि रबरबँड वेगळे जवळ ठेवा, टेपने बांधलेलं तिथे उघडता येत नाही.